लोण्यामागचं पाकीट

सूनबाई,

फ्रिज उघडण्याआधी हे वाच. सकाळी फ्रिज पुसताना लोण्यामागे तुझं पाकीट सापडलं. फाडून पाहिलं तर मऊ, पारदर्शक कडं. मला वाटलं, मिक्सरच्या झाकणाचं रबर असेल. लेकाला म्हटलं, "एवढं बसवून दे रे." त्याने पाकीट वाचलं. मूल राहू नये म्हणून बाई आत ठेवते ती ही रिंग, हे मला त्याच्याकडूनच कळलं. "मला अंधारात ठेवते काय!" म्हणत त्याने ती खिशात घातली.

मी म्हटलं, "मागच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचलीय. ठेव परत." तर म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस." आता मला थोरल्या लेकीकडे सोडायला निघालाय, खाली हॉर्न वाजवतोय. तुझा फोन लागत नाही. माझं त्याच्यापुढे काही चालत नाही, तुला माहीतच आहे.

दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून दुसरी आण. माझ्या कपाटात कपड्यांखाली ठेव, किल्ली उशीच्या अभ्र्यात आहे. त्याला सापडलीच तर सांग, म्हातारीची आहे. हसला तर हसू दे.

आई