फुलीची वाकडी तार

६ ऑक्टोबर १९८४, शनिवार

रायफलवरची जुनी दुर्बीण आज उतरवली. चार स्क्रू, पाच मिनिटं. फळीवर मागे ढकलून ठेवली. डोळ्यांसमोर नको ती.

सायमा म्हणाली, "वर्षभर त्या दुर्बिणीशी जेवढा भांडलास, तेवढा माझ्याशी बोललासुद्धा नाहीस." बायको आहे, बोलणारच. पण तो जबडा तिने पाहिलेला नाही.

मागच्या नोव्हेंबरात अवघ्या चाळीस पावलांवर हरणाचा नर उभा होता. त्या दुर्बिणीची कडी फिरवली की ती तीनपासून नऊ पटांपर्यंत मोठं दाखवते — आणि मी ती नऊवर ठेवून विसरलो. समोर नुसते तपकिरी केस! तरी चाप ओढला. दोन दिवस रक्ताचा माग काढला, मग बर्फाने सगळं झाकलं. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर ओढ्याकाठी सांगाडा सापडला. खालचा जबडा फुटलेला. म्हणजे गोळीने मेला नाही, खाता येईना म्हणून मेला. किती दिवस लागले असतील त्याला? झोपताना हेच मनात येतं.

आमच्या शिकारीच्या कॅम्पचा रिवाज — नेम चुकला की शर्टाची शेपटी, म्हणजे मागचा लोंबता भाग, कापून भिंतीला ठोकायची, आणि चुकण्याची सबब ज्याची त्याने तिच्यावर लिहायची. माझी कॅम्पमधल्या माझ्या जोडीदाराने, ओन्नीने कापली. मी लिहिलं, "नऊ पट."

शिकार १५ नोव्हेंबरला उघडते. यंदा एकही जनावर माझ्या हातून जखमी होऊन पळालं, तर रायफल कायमची खाली. हे कोणाला सांगितलेलं नाही.

९ ऑक्टोबर

ओन्नीच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. एकतीस वर्षं आम्ही एका झोपडीत शिकारीला राहतो, त्याच्या घोरण्याची मला सवय झाली आहे.

म्हणाला, "एकाच ताकदीची घे. फिरवायला कडीच नाही, मग विसरशील काय?"

मी विचारलं, "चार पट की सहा?"

"दलदलीतल्या झाडीत चार भरपूर. सहावाली घेऊन तू शिंगांची टोकं मोजत बसशील आणि हरीण तोवर घरी जाईल!"

पण सहाची पुढची काच मोठी आहे. संध्याकाळचा उजेड जास्त घेते. तसं म्हटलं तर हसला — "आपल्या वयात बुबुळ तेवढं उघडत नाही, रेइनो. उजेड काचेतून येईल, पण डोळ्यात शिरेल कुठून?"

"तुझ्या बुबुळाचं बोल," म्हटलं. सहाचीच घेतली.

१३ ऑक्टोबर

खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यापाशी कागद लावून नेम धरला. डावा डोळा मिटून पाहतो तर काय — आतल्या नेमाच्या फुलीची आडवी तार मधोमध वाकलेली! ओले कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी. तीन गोळ्या झाडल्या, कागदावर तळहाताएवढ्या फाकल्या.

नवी कोरी वस्तू. आणि ही गत.

१४ ऑक्टोबर

पुन्हा तेच. वीस गोळ्या वाया.

१६ ऑक्टोबर

दुर्बीण ओन्नीला परत नेऊन दिली. त्याने डोळ्याला लावली, खिडकीतून समोरच्या चर्चचा कळस बघितला. "तार सरळ आहे रे." मग दुकानामागे माझ्याच रायफलवर बसवून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ! गंमत वाटली नाही. रागच आला.

तरी वाद घातला नाही त्याने. चार पटांची दिली, जाड तारेची. "ही म्हाताऱ्या बैलासारखी आहे," म्हणाला, "काही दिलं तरी बिघडत नाही."

२७ ऑक्टोबर

चारची दुर्बीण मनापासून आवडली. हरीण, त्याच्यामागचं झाड, झाडामागची वाट, सगळं एकदम दिसतं. कागदाचं हरीण शंभर पावलांवर ठेवलं, मग साठवर, मग चाळीसवर. प्रत्येक वेळी ते फुलीत केवढं भरतं ते डोळ्यात बसवलं. एकाच ताकदीचा हाच फायदा, अंतर आपोआप कळतं. दलदलीतल्या झाडीला याहून जास्त काही लागत नाही. ओन्नीचं बरोबर होतं.

पण तार हिचीही वाकते! जरा कमी, पण वाकतेच. गोळ्या फाकतातच.

३० ऑक्टोबर

आज जे बोललो ते लिहायला हात होत नाही.

दुकानात चार-पाच माणसं होती. मी दुर्बीण गल्ल्यावर आदळली. म्हटलं, "परत आलेला टाकाऊ माल तू मित्रांच्या गळ्यात मारतोस." ओन्नीने ती उचलून पाहिली, पुसली, माझ्यापुढे ठेवली. "सरळ आहे, रेइनो." मी म्हटलं, "तू खोटारडा आहेस."

ओन्नीने खिळ्यावरची कॅम्पची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "यंदा तू जा. मी येत नाही."

दुर्बीण मात्र घेऊन आलो. लाज कशी नाही मला!

४ नोव्हेंबर

सायमाने विचारलं, "कॅम्पला न्यायला मांस भरलेल्या पेस्ट्या किती बांधू, एकाच्या की दोघांच्या?" एकाच्या म्हटलं. तिने दोघांना पुरेल एवढं मांस चिरायला घेतलं. भांडलो नाही.

१० नोव्हेंबर

ठरलं. तार कुठे आणि किती वाकते ते आता पाठ झालंय. तेवढा फरक धरून नेम साधेन. आज दहापैकी सहा नीट लागल्या.

सहा म्हणजे पुरेशा नाहीत, हे मला कळतं. उरलेल्या चारांपैकी एखादी जबड्यावर बसेल. पण न गेलो तर ओन्नीला म्हणायला होईल — स्वतःला नेम धरता येत नाही आणि दोष दुर्बिणीला. ते सहन होणार नाही. जाणारच.

१४ नोव्हेंबर, बुधवार

सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, भट्टी पेटवताना राख उडून डाव्या डोळ्यात गेली. सायमाने डोळा धुऊन रुमाल बांधला. एका डोळ्याने वही उघडली, कॅम्पला न्यायच्या सामानाची यादी करायला.

वहीच्या रेघा वाकलेल्या. मधोमध.

रुमाल वर केला — सरळ. उजवा डोळा मिटला — सरळ. डावा मिटला — वाकड्या. तीनदा केलं.

मागच्या वर्षीही हाच उजवा डोळा होता. नऊ पट नव्हे.

सायमाला म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे जायचंय. आणि आत्ता ओन्नीकडे. गाडी तू चालव." तिने कोट घातला. मी कात्री घेतली, अंगातल्या शर्टाची शेपटी कापली, रुमाल वर करून तिच्यावर लिहिलं —

"डोळा माझा. ओन्नीच्या तारा सरळ."