वेडा राजा

२१ मार्च १९७३
ठरलं! जुनी नाटकं करायची — पाच अंकी, पदांसकट. आम्ही सातजण, एकालाही मिशी धड चिकटवता येत नाही, पण हौसेला मोल नसतं. पहिलं कोणतं यावर तासभर भांडण. रंगनाथ हट्टालाच पेटला — वेड लागत जाणाऱ्या राजाचंच करू, आणि "एकदा तरी राजा मीच." नागापूरच्या वर्कशॉपात लेथवर मान खाली घालून राबणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस! खरं तर राजा मला व्हायचं होतं. दिग्दर्शक झालो.

२५ मार्च
मुहूर्ताचा नारळ फोडला तर आत थेंब पाणी नाही. आमचा प्रॉम्प्टर लालमहंमद म्हणाला, "दुष्काळ नारळापर्यंत पोचला!" सगळे हसले. मला नाही आवडलं.

९ एप्रिल
रंगनाथ वाक्यं विसरतो. विंगेतून पुरवून पुरवून लालमहंमदचा घसा बसला. पण विसरला की तो आमच्याकडे असा बघतो — जणू कुणीच ओळखीचं नाही. "हेच ठेव, वेड असंच दाखव!" मी ओरडलो. तो नुसता हसला.

१७ एप्रिल
रंगनाथची बायको, चांगुणावहिनी, माझ्या ऑफिसात आली. आत येईना. बाहेर लिंबाखाली उभी राहून म्हणाली, "भावजी, काल हे शेजारच्या घरात जाऊन पाटावर बसले. आन् मला म्हनले, तुमी कोन?"
मी म्हटलं, भूमिका अंगात भिनलीय. मोठ्या नटांचं असंच होतं.
"नाटक झालं की बरं व्हईल ना?"
"अगदी!" किती सहज बोलून गेलो.

३० एप्रिल
लेथवर त्याची दोन बोटं थोडक्यात वाचली. डोकं धरून बसला होता म्हणे. दवाखान्यात चल म्हटलं तर, "तेरा तारखेनंतर." तेराला प्रयोग. मी पुढे आग्रह धरला नाही. त्याच्याशिवाय नाटक उभंच राहत नाही — हे खरं कारण. इथं तरी खरं लिहावं.

१३ मे
प्रयोग झाला! तिसऱ्या अंकात राजा राणीला ओळखत नाही. राणी झालेल्या पुष्पावतीबाईंचा हात त्यानं असा झटकला की त्या खरोखर रडल्या. टाळ्या थांबेनात. पडदा पडला तरी रंगनाथ सिंहासनावरून उठेना. लालमहंमद मुकुट काढायला गेला तर म्हणाला, "कोण तू?"
आम्ही हसलो. मी सगळ्यांत मोठ्यानं.

१४ मे
रंगनाथला पुण्याला हलवलं. शुद्ध नाही.

१९ मे
वहिनीनं त्याच्या ट्रंकेत सापडलेला कागद आणला. "मला वाचता येत न्हाई, भावजी." पुण्याच्या डॉक्टरांचा. डोक्यात गाठ. ताबडतोब ऑपरेशन, उशीर केल्यास स्मृती जाईल. हे सगळं रुग्णाला समजावून सांगितलं आहे.
तारीख बारा मार्च.