दोन काळ्या पट्ट्या

सोम., १२ नोव्हें. २००७
जुलेखाचाचींच्या इरफाननं दोह्याहून रुंद टीव्ही धाडलाय. शाळेला सुटी, म्हणून जोडून द्यायला मला बोलावणं. (विज्ञान शिकवतो म्हणजे सगळं येतं, हा मोहल्ल्याचा समज. मीही तो मोडत नाही.) चित्र मधोमध, दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या. चाची नाराज. "येवढा रुंद टीव्ही पोरानी काय काळोख बघायला धाडला, मास्तर?" रिमोटवर शोधून 'फुल' केलं. काच भरली. बातम्या सांगणारी बाई जरा सुटलेली वाटली. मोठ्या काचेत असंच दिसत असेल. चाचींनी विचारलं, आता बरोबर ना? मी हो म्हणालो.

बुध., १४ नोव्हें.
तुडीलला, माझा मित्र रशीद याच्याकडे. इरफानसाठी त्याच्या धाकट्या मुलीचं, रुबीनाचं नाव मीच सुचवलंय. चाचींची रीत अशी, की आधी मुलीच्या घरच्या एखाद्या लग्नाची सीडी बघायची, तीत मुलगी पसंत पडली तरच बायका तिच्याकडे जाणार. रशीदनं थोरलीच्या लग्नाची सीडी दिली. देताना सदऱ्याच्या टोकानं दोनदा पुसली. संध्याकाळी चाचींकडे पोचती केली.

शुक्र., १६ नोव्हें.
नमाजनंतर चाचींकडे. नको म्हणतात. "पोरगी गुणाची असंल, पण अंगानी जाड हाय. आमचा इरफान म्हंजे काडी."
जाड? मला तशी आठवत नाही. पण मित्राच्या मुलीकडे आपण नीट बघतो तरी कुठे.
रशीदला फोन. कारण सांगायचं नव्हतं. त्यानं दोनदा विचारलं, सांगून बसलो. मग त्यानं फोन ठेवला.

रवि., १८ नोव्हें.
तुडीलला जाऊन आलो. चहा रुबीनानंच आणला. मनगट काडीसारखं, बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाली, "चाचा, मी जाड हाय का?" मी नाही म्हणालो. तिला ते पटलेलं दिसलं नाही. रशीदची बायको म्हणाली, दोन दिवस अर्ध्या भाकरीवर उठतेय.
मग चाचींनी पाहिलं ते काय?

सोम., १९ नोव्हें.
सीडी परत न्यायला गेलो. चाची म्हणाल्या, मास्तर, तुमीच बघा. लावली. रुबीना खरंच थोराड दिसत होती. नवरामुलगाही. सगळं वऱ्हाडच.
मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. अंड्यासारखं, आडवं. उठून काचेवर बोटं लावली. रुंदी चार बोटं, उंची तीन. फळ्यावर वर्तुळ वाकडं आलं तर पुसून पुन्हा काढणारा माणूस मी.
खोलीत शेजारच्या तिघी बसल्या होत्या. काही न बोलता सीडी घेऊन आलो. न बोलण्याचं कारण त्या बायका नव्हेत. मला माझी चूक सांगायची नव्हती, एवढंच.

मंगळ., २० नोव्हें.
बायकोला, नसीमला, सांगितलं. आधी हसली. मग म्हणाली, "आता जाऊन सांगणार काय? पोरगी बारीक आहे, घ्या? आणि खरंच जाड असती तर?"
 नाव सुचवताना हा प्रश्न मला का पडला नाही?

गुरु., २२ नोव्हें.
गेलो. सगळं सांगितलं, काच भरायला चित्र मीच आडवं ताणलं होतं हेही. रुबीनाच्या सीडीऐवजी चाचींच्या थोरल्याच्या लग्नाची लावायला सांगितली. इरफान मांडवात, चांगला गरगरीत. सून शाहीन हसू दाबत म्हणाली, परवा हेच बघून अम्मी म्हणत होत्या, दोह्याचं पाणी मानवलं पोराला. ते लग्न इरफान दोह्याला जायच्या आधीचं.
रिमोटवर '४:३', म्हणजे चित्राचं मूळ माप केलं. काळ्या पट्ट्या परत आल्या. इरफान पुन्हा काडी. मग रुबीनाची सीडी. चाची पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, "बारीक हाय." आणि मग माझ्याकडे वळून, "पन तवा तुमीच म्हनलात, बरोबर हाय. आता म्हनताय ह्ये बरोबर. मी कुठलं खरं धरू?"
 बकरी ईदला इरफान येतोय, त्याआधी एकदा प्रत्यक्ष बघून येऊ, म्हणाल्या. मी निघताना शाहीनला सांगत होत्या, त्या पट्ट्या घालव आधी.

शनि., २४ नोव्हें.
तुडील. निरोप सांगितला. चूक माझी होती हेही. रशीदला आनंद झाला, पण त्यानं तो दाखवला नाही. आतल्या दाराकडे बघत राहिला.
रुबीना बाहेर आली. म्हणाली, "चाचा, सांगा त्यांना, येताना पोराला पन आना. ईदनंतर आलात तरी चालंल. मला पन बघायचाय. नाय आवडला तर मी पन नाय म्हननार." रशीद तिला गप्प करायला उठला, मग परत बसला.
भाकरी पुरती खाते का, ते विचारायचं राहिलं.

रवि., २५ नोव्हें.
हा निरोप चाचींना जसाच्या तसा द्यायचा, की थोडा मऊ करून? मऊ केला तर जमेल कदाचित. नसीम म्हणते, आता तरी काही ताणू नका. दुपारी चाचींच्या दारापर्यंत गेलो. आत टीव्ही चालू होता. चपला काढल्या, पुन्हा घातल्या. मग पुन्हा काढल्या आणि कडी वाजवली. शाहीन म्हणाली, अम्मी पाचाडला गेल्यात, उद्या येतील.