बसवण्णा उठला

२० ऑगस्ट १९८२

लातूर जिल्हा झाला! देवणीत चार दिवसांपूर्वी गुलाल, आज आडावर भांडणं. पाऊस कुठाय ते कुणी सांगत नाही.

माझं डोकं मात्र सिद्रामप्पांच्या कालवडीत अडकलंय. धडधाकट शिवारात शिरली आणि घटकाभरात मेली! गाव म्हणतं, "पान लागलं." पण सापाचा दात कुठंच नाही. फाडून पाहिलं — रक्त लालभडक, कुंकवासारखं. मेलेल्या जनावराचं रक्त असं? पोटात नुसती कोवळी ज्वारी.

२१ ऑगस्ट

सापडलं! परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजातलं पुस्तक कामी आलं. पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीत विष धरतं. रक्तात प्राणवायू भरलेला असतो, पण शरीराला तो घेताच येत नाही. भरल्या ताटावर उपाशी! काय विलक्षण! उतारा आहे — थायोसल्फेट. आमच्या गुरांच्या दवाखान्यात नाही.

गावात जाऊन सांगितलं, शिवारात जनावर सोडू नका. मल्लम्मा एकटी बाई, तिची एकच गाय, काबरी, तीही गाभण. म्हणाली, "समोर हिरवं दिसायलंय बाई, आन् मुक्या जीवाला उपाशी बांधू?" मग स्वतःच म्हणाली, "बांधते. तुमच्या शब्दावर."

आता ती गाय जगायलाच हवी.

२४ ऑगस्ट

ओळखपत्राच्या फोटोसाठी बसवराजच्या स्टुडिओत गेले. फोटो धुवायचा त्याचा हायपोचा डबा सहज वाचला — थायोसल्फेट! मी ओरडलेच. तो घाबरला.

"डबाच नेला तर मी फोटो कशात धुवू, म्याडम?"

"जनावरं वाचली की त्यांचे काढ!"

डबा आणला. लातूरहून दुसरा आणतो म्हणालाय.

२६ ऑगस्ट



इथली रीत — शिवारातला पहिला हिरवा चारा बसवण्णाला. बसवण्णा म्हणजे देवाला सोडलेला पोळ, मोकाट वळू. त्याला कुणी हाकलत नाही. मी इतकं बजावूनही पुजारी गुरुबसप्पांनी ज्वारीचा भारा त्याच्यापुढं ठेवला. "देवाला काय बाधतंय?" देव देवळापुढंच आडवा झाला.

हायपो उकळलेल्या पाण्यात विरघळवला, गाळला, शिरेतून सोडला. सगळं गाव भोवती जमलेलं. मला भीती वाटत होती आणि — खरं लिहायचं तर — मजाही. पुस्तक खरं ठरतं का? डबा संपला. मग कान हलला. मग बसवण्णा उठला!!

माणसं त्याच्या पाया पडली. मल्लम्मानं माझ्या कपाळाला विभूती लावली. मी ओरडून सांगितलं, "औषधानं उठलाय! ज्वारी अजून तशीच हाय!" सगळ्यांनी "हाव, हाव" म्हणून माना डोलावल्या. एवढं कुणी माझं कधी ऐकलं नव्हतं.

२७ ऑगस्ट

काबरी गेली. पोटातल्या वासरासकट. बसवराज अजून लातूरहून आलेला नाही. मी नुसती तिचं डोकं धरून बसले.

मल्लम्मा म्हणाली, "बसवण्णानं समद्या शिवाराचं वीख पिऊन घेतलं ना, बाई? म्हणून तर सोडलं तिला शिवारात. तुम्हीच उठवला की त्याला!"

मान वर केली. शिवारभर जनावरं चरत होती.