काय ऐकलं ते सांगा

आई, तू जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझा तुझ्यावरचा राग काही उतरत नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, त्यामुळे गोड लिहायची सक्तीही नाही. माणूस गेलं की लोक त्याच्याबद्दल चांगलंच बोलतात. तुझ्याबद्दल तर जरा जास्तच. "तुमच्या आई म्हणजे फार तत्त्वाच्या हो," असं अजूनही कोणी ना कोणी मला पंचवटीच्या भाजीबाजारात गाठून सांगतं. सांगणारा बहुतेक वेळा तोच असतो, जो तेव्हा आपल्या दारावरून जाताना चपलेकडे बघत जायचा. मी हसते आणि मेथीची जुडी पिशवीत टाकते. हसू नये असं दरवेळी ठरवते, पण ते काही जमत नाही.

तुझं काम मी एकदाच बघितलं. शाळेला सुट्टी होती, घरी कोणी नव्हतं, म्हणून तू मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घेऊन गेलीस. लांबलचक बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, समोर ओळीने बसलेल्या तुम्ही बायका. तू एक दोरी या भोकात खोचतेस, दुसरी त्या भोकात, आणि घरी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणतेस, "सुरगाणा, बोला. नाशिक लाइनवर आहे." मग एक छोटा खटका वर करतेस. मी विचारलं, तो कशाला? "खाली असला की मला ऐकू येतं. लाइन लागली, माणसं बोलायला लागली, की वर करायचा. मग आपण तिथे नसतो." एवढं सांगून तू पुढचा फोन घेतलास. तुझ्या सगळ्या धर्मकर्माचा मंत्र तो एवढाच होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्या खटक्यापायी शेजारच्या काकूंनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांच्या मुलीचा साखरपुडा दुसऱ्या दिवसावर आला होता. मुलाकडच्यांनी संध्याकाळी बाहेरगावाहून ट्रंककॉल लावला आणि काकांना कळवलं, आमचा विचार बदललाय. तो फोन तू जोडला होतास. लाइन नीट लागली की नाही हे बघायला पहिली दोन वाक्यं कानावर पडतातच, आणि त्यांनी पहिल्या दोन वाक्यांतच उरकलं होतं. काकांची छाती झाली नाही, त्यांनी बायकोला सकाळपर्यंत सांगितलं नाही. आणि तू ड्यूटी संपवून आलीस, पदर खोचलास आणि काकूंच्या ओट्याशी उभी राहून त्यांच्याबरोबर करंज्या लाटल्यास! मी सारण भरायला होते. काकू गाणं गुणगुणत होत्या, मुलीची थट्टा करत होत्या, आणि तू मान वर न करता लाटत होतीस. सकाळी काका बोलून गेले, "फोन ताईंनीच जोडून दिला होता." काकू दारात येऊन तुला एवढंच म्हणाल्या, "निदान तळायच्या आधी तरी सांगायचंस गं." त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्याकडची हळदीकुंकवाची बोलावणी आपलं घर सोडून पुढे जायची.

तर अशा बाईला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात. शहरात एस.टी.डी.ची पिवळी बूथं लागली होती, पण सुरगाणा-पेठकडचे फोन अजून तुमच्याच बोर्डावरून यायचे. ते यायचे पंचवटीतल्या एका वकिलांकडे. डोंगरातल्या माणसांच्या वनजमिनींचे खटले ते फी न घेता लढवायचे, आणि तिकडे कोणाला उचलून नेलं, कोणाचं पीक उपटलं, की पोस्टातून त्यांना ट्रंककॉल लागायचा. साहेबांच्या शेजारी सफारीतला एक अनोळखी माणूस बसलेला. साहेब म्हणाले, या नंबरचा फोन आला की खटका खाली ठेवायचा, काय बोलतात ते कागदावर लिहायचं आणि माझ्याकडे द्यायचं. तू विचारलंस, "सरकारचा लेखी हुकूम?" सफारीतला माणूस हसला. "बाई, ह्या गोष्टी लेखी नसतात." लेखी हुकमाशिवाय कोणाचाही फोन ऐकणं हा गुन्हा आहे, हे तुम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तरी तू काही दिवस ऐकलंस. लिहून दिलंस. नोकरी होती, घर होतं, माझं कॉलेज होतं, मी ते समजू शकते.

मग एका सकाळी पोळ्या करता करता तू अचानक बोलायला लागलीस. ऑफिसातलं काही तू पहिल्यांदाच घरात आणलंस. काय ऐकलंस ते नाही. ऐकायला लावतात, एवढंच. बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रावर पाळीला निघाले होते, डबा हातात होता. ते म्हणाले, "आपला फोन तर नाही ना ऐकत? मग?" तव्यावरची पोळी करपली, तरी तू ती उलटली नाहीस. "आज त्यांचा," म्हणालीस, "आणि आपल्याकडे तर फोनच नाही." मला हसू आलं होतं. तुला नव्हतं आलं.

त्याच दिवशी मी तुला लूनावर मागे बसवून वकिलांकडे नेलं. ओसरीवर सुरगाण्याकडचा एक म्हातारा पक्षकार गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तू वकिलांना उभ्या उभ्याच सांगितलंस, "तुमचे फोन ऐकतात. मलाच ऐकायला बसवलंय. आजपासून मी ऐकणार नाही, आणि हे चारचौघांतही सांगणार आहे." वकील इतके खूश झाले की खुर्चीतून उठलेच. "ताई, आपण ह्यांना कोर्टात खेचू!" म्हातारा सगळं ऐकत होता. तो तुला म्हणाला, "बाय, आमचं बोलनं चोरून कशाला आयकाया लागतंय? आमी तं समोर बसून सांगतांव, तवा कोनी आयकत नाय." वकिलांच्या बायकोने चहा आणला आणि बशीत ओतून त्याच्यापुढे सरकवला.

वाचनालयाच्या हॉलमधली सभा मला अजून जशीच्या तशी दिसते. वकिलांनी बोलावलेली पन्नासेक माणसं आहेत, प्राध्यापक, डॉक्टर, दुकानदार, गल्लीतल्या दोन-चार बायका. तू माईकसमोर उभी आहेस, आणि बोर्डावरचा तो खणखणीत आवाज आज कुठे गेलाय कोण जाणे. तरी तू सगळं सांगतेस: हुकूम नाही, मला ऐकायला लावलं, मी ऐकलं, हे चूक आहे, आज त्यांचं ऐकतात उद्या तुमचं ऐकतील, तुम्ही सगळ्यांनी मिळून सरकारला जाब विचारा. सांगून झालं. आणि मागून पहिला प्रश्न येतो, "अहो पण बाई, ते बोलत काय होते?" हॉल हसतो. मग तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी. कोणाशी बोलायचे? पैशाचं काही होतं का? एक कापडवाला म्हणतो, "आमचेपण ऐकत असाल की तुम्ही!" आणि त्याला टाळी मिळते. आई, मला त्या क्षणी तो माईक उचलून कोणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला होता. घराला भोक पडलंय म्हणून ही बाई ओरडून सांगतेय, आणि हे त्या भोकाला डोळा लावायला रांग लावतायत.

तेवढ्यात काकू उठल्या. त्या आल्यात हेच मला माहीत नव्हतं. "माझ्या पोरीचं लगीन मोडलं ते हिला आदल्या संध्याकाळी ठाऊक होतं," त्या म्हणाल्या, "आणि ही माझ्याकडे करंज्या लाटत बसली. हिच्या पोटातून काय बाहेर काढायला बघताय? नाही निघायचं. मी मेले तरी हिला माफ करायची नाही. पण ही म्हणते ना ऐकतात, तर ऐकतात. आणा तो कागद, कुठे सही करायची?" सरकारकडे पाठवायच्या निवेदनावर पहिली सही काकूंची झाली. बाकीचे म्हणाले, घरी विचारून उद्या देतो. तो उद्या अजून यायचाय. आणि काकू तुझ्याकडे न बघता चपला घालून निघून गेल्या.

मग चौकशी. तुझ्यावरच, खात्याची बदनामी केली म्हणून. साहेबांनी सांगितलं, असा काही आदेश मी दिलेला नाही, बाईंना भास होतात. तू लिहून दिलेले कागद अर्थातच गायब. तुझा साक्षीदार म्हणून वकील आले होते. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने अगदी शांतपणे विचारलं, "ऐकलं म्हणता ना? मग काय ऐकलं ते सांगा. एक वाक्य सांगा. वकीलसाहेब इथेच आहेत, ते खरं की खोटं सांगतील." तू म्हणालीस, "ते सांगायचं नसतं, म्हणून तर मी इथवर आले. त्यांचं बोलणं आहे. त्यांनी परवानगी दिली तर सांगते." आणि वकिलांकडे बघितलंस. घरी येऊन तू मला हे सांगितलंस तेव्हा तुझ्या आवाजात राग नव्हता, हेच मला सहन झालं नाही. कोर्टात खेचू म्हणणारे वकील समोरच्या फायलीची नाडी सोडत बसले आणि पुन्हा बांधत बसले. मान वर झालीच नाही. अधिकाऱ्याने थोडा वेळ वाट बघितली आणि लिहून टाकलं, आरोपाला आधार नाही.

मी त्या दिवशी तुझ्याशी भांडले ते आठवतंय ना? एक वाक्य, आई! जमिनीबद्दलचं, पावसापाण्याचं, कसलंही! "त्या फोनवर जमिनीचं थोडंच होतं," तू म्हणालीस. "बाकीचं त्यांच्या घरातलं होतं. त्यातलं एक सांगितलं की दुसरं विचारतील." मग त्यांच्या घरातलं काय होतं, ते मी विचारलंच. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी त्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसले होते. "तूसुद्धा?" एवढं म्हणून तांदूळ निवडायला घेतलेस. मी ताट हिसकावून घेतलं. तू दुसरं घेतलंस.

सटाण्याला बदली, पगारवाढ बंद. पहाटेची एस.टी., वणीला चहा, पुढे सटाणा, आणि अंधार पडता पडता परत. तिथल्या शिपायाने पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, "ताई, तुम्ही फोन ऐकणाऱ्या त्याच का?" तेच नाव तुला चिकटलं. ज्यांनी ऐकायला लावलं ते बढती घेऊन गेले, आणि ऐकायचं नाकारणारी ती फोन ऐकणारी बाई. वकिलांचे खटले चालू राहिले, थोडे जिंकलेही. ते तुला भेटायला एकदाही आले नाहीत. पुढे वरच्या कोर्टाने फोन ऐकण्यावर नियम घालून दिल्याची बातमी आली. तू पेपर घडी करून ठेवलास आणि "बरं झालं" म्हणालीस. मला वाटलं, आता तरी चिडशील, रडशील, कोणाला तरी पेपर नेऊन दाखवशील. तू कुकर लावलास. मग बोर्डच गेले, आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी तू.

आता माझ्या बँकेत प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. टी.व्ही.वर कुणाकुणाचे फोन ऐकल्याची बातमी आली की डबा खाताना चर्चा होते. "ऐकेनात का, आपण कुठे काय लपवतो?" असं म्हणणारे एकमेकांना पगाराची स्लिप दाखवत नाहीत. मी सुरुवातीला वाद घालायचे. तुझी गोष्ट सांगायचे. गोष्ट संपली की कोणीतरी चमचा चाटत विचारायचंच, "पण मॅडम, ते बोलत काय होते?" मी सांगणं सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात वकिलांची मुलगी माझ्याकडे आली. वकील वारले, हे मला पेपरातून कळलं होतं. मी गेले नव्हते. चांगली आहे मुलगी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. म्हणाली, "बाबा शेवटी शेवटी तुमच्या आईंचं नाव काढायचे. म्हणायचे, त्या बाईंनी तोंड उघडलं असतं तर आपलं घर राहिलं नसतं. मी त्यांचा गुन्हेगार आहे." तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता ही माफी मागेल, आणि इतक्या वर्षांनी का होईना, कोणीतरी मागेल. तिने पर्स बंद केली, उघडली, आणि हळूच म्हणाली, "काय होतं हो ते? माझ्या आईला विचारायची सोय नाही. तुमच्या आईंनी तुम्हाला सांगितलंच असेल ना?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं होतं. तिला वाटलं, मी तुझीच मुलगी, माहीत असूनही पोटात ठेवतेय. जाताना तिने माझ्या पायाला हात लावला, आणि मी लावू दिला.

आई, मला माहीत असतं ना, तर तिला बसायला सांगायच्या आधी मी सगळं सांगून टाकलं असतं.