मोरनीचं वय

प्रिय रंजिता,

फोनवर बोललो असतो, पण सगळं एका दमात सांगता आलं नसतं आणि तू मधेच हसली असतीस. म्हणून लिहायला बसलो.

यंदा सारंगखेड्याच्या यात्रेत तुझंच नाव गाजतंय. घोड्यांच्या दलालीत माझे केस पिकले, पण माझं नाव असं कोणी घेतलं नाही. तू घोड्यांसाठी बनवलेल्या सर्च इंजिनची गंमत आता मीही लोकांना समजावतो. एरवी माणूस घोडा शोधत हिंडतो. इथं गिऱ्हाइकाची मागणी आधीच साठवून ठेवलेली; रंग, वय, खुणा. नवा घोडा आला की त्याचं वर्णन टाकायचं, ते साऱ्या मागण्यांशी ताडून बघितलं जातं, आणि ज्याची मागणी जुळली त्याचाच फोन वाजतो. माझ्याबरोबरचा दलाल, आपला भटूकाका, आधी नाक मुरडायचा. परवा त्याचा पांढरा घोडा दावणीला बांधायच्या आत विकला गेला, तेव्हा टपरीवर सगळ्यांदेखत अहिराणीत म्हणाला, तुन्ही पोर भारी शे, भो. मी सगळ्यांचा चहा माझ्या नावावर लिहायला सांगितला; छाती काही शर्टात मावेना.

तुझ्या आईचं मात्र एकच पालुपद, एवढं सगळं शोधतं तर आपली मोरनी घोडी का नाही शोधत? माझ्या कमरेच्या ऑपरेशननंतर तिचं करणारं कोणी उरलं नाही, म्हणून ती धुळ्याकडच्या माणसाला दिली. तू तेव्हा जेवली नव्हतीस. त्यानं ती पुढे दुसऱ्याला दिली आणि माग सुटला. आईला सांगितलं नाही, पण चार वर्षांपूर्वी तुझी सोय सुरू झाली तेव्हाच, तुलाही कळू नये म्हणून, मी भटूच्या नावानं मागणी टाकली होती. घोडी, चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, डाव्या कानाला चीर, वय सहा. दरसाल यात्रा भरायची, उठायची, फोन मुका तो मुकाच. वाटायचं, गेली असेल बिचारी.

शनिवारी भटू धापा टाकत आला. फोन वाजला होता. जाऊन बघतो तर मोरनी. हाक मारली तशी तिनं माझ्या खांद्यावर तोंड घासलं. सवयीनं दात पाहिले, वय दहा. मग डोक्यात उजेड पडला. गिऱ्हाईक सहाची मागतं तेव्हा त्याला सहाचीच हवी असते. मी मेला दलालासारखीच मागणी लिहिली, आणि घोडी तर दरसाल मोठी होत होती. मग जुळली कशी? भटूनं मागणी उघडून दाखवली. वय दरवर्षी एकानं वाढेल असं कोणीतरी करून ठेवलं होतं. भटूच्या आडचा बाप तू केव्हाच ओळखलास, आणि अवाक्षर काढलं नाहीस.

मोरनी परत विकत घेतली; आता अंगणात उभी आहे, आई तिला गूळ-भाकरी चारतेय. तेवढी मागणी आता पुसून टाक, आणि यात्रा उठायच्या आत ये. तू मोरनीवर बस, लगाम मी धरतो, साऱ्या बाजारातून एक फेरी मारू. लोकांची जनावरं आजवर पुष्कळ मिरवली. पोर मिरवायची राहिली आहे.

वाट बघणारा, तुझाच,
आप्पा