यादीतल्या साठ विधवा

१४ जुलै १९९८
लंडनच्या संस्थेचा आरोग्याचा सर्व्हे गावात आला. फॉर्म भरणारे नाशिकरोडचे हर्षल सर. अंगणवाडीची बाई म्हणून मी सोबत. एकशे बारा प्रश्न! 'घरात गालिचा आहे का?' साळूबाई म्हणाली, "हाय की, शेणाचा."

सापाचा प्रश्न एकही नाही. हे कांदाचाळीत साप चावून गेले, त्याला सोमवारी वर्ष होईल. गावच्या दवाखान्यात लस नव्हती. जीप नाशिकपर्यंत न्यावीच लागली नाही — चांदवडच्या अलीकडेच सगळं संपलं.

मला दुसरं काही नको. दवाखान्यात लस हवी.

१५ जुलै
घोटाळा! नवऱ्याचं नाव एकही बाई घेईना. "ते काय बांधावर हायेत, त्यांनाच इचारा." मला सगळी नावं पाठ. पण सर म्हणाले, ज्याचं उत्तर त्यानंच द्यायचं, लंडनचा नियम आहे. फॉर्मवर चौकोन दोनच — नवऱ्याचं नाव, नाहीतर 'नवरा नाही'. सरांनी सगळ्यांच्या 'नाही'वर खूण केली. माझ्याही.

६ फेब्रुवारी १९९९
लंडनहून पत्र आलं, सोबत यादी. साठ बायका, साठ विधवा!! तिकडे हाहाकार. मोठ्या मॅडम स्वतः येणार — 'इथल्या पुरुषांना होतं तरी काय?'
सगुणाबाईंचे यजमान चंदरभाऊ म्हणाले, "मला तर बरं वाटतंय."

२२ फेब्रुवारी
मॅडम आल्या. सरांमार्फत विचारलं, नवरे कशाने गेले? मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सगुणाबाई — "साप!"
"आमचे बी साप," साळूबाई.
"आमच्यांना दोन चावले," लंकाबाई.
दारात चंदरभाऊंना ठसका लागला. हे कोण, मॅडमनी विचारलं. सगुणाबाई म्हणाल्या, "दीर."
मी पदर तोंडात कोंबला. वर्ष-दीड वर्षात पहिल्यांदा हसले.
नंतर सगुणाबाई मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही एकट्याच खऱ्या. एकटीचं कोन ऐकतं?"

८ जून
लस आली, फ्रिजसकट! बाटली फिरवून पाहिली — मुंबईत बनलेली. मुंबई इथून एका दिवसाची वाट. मंजुरी मात्र लंडनहून.
जाऊ दे.

३ ऑगस्ट
काल चंदरभाऊंना साप चावला. दहा बाटल्या गेल्या. आज सकाळी चहा मागितला.
सगुणाबाई धावत आल्या — "बाई, यादीतलं माझं नाव खोडा!"
खोडलं. त्याखाली माझं होतं. ते राहिलं.